वही, गाणं, भोंगा, भिंत: वस्तीचं म्हणणं कानावर घालण्याची रीत

निवेदन दिलं, पोच घेतली आणि पुढे काही हाललं नाही. बहुतेक वस्त्यांचा प्रयत्न इथेच थांबतो. गाणं, रेडिओ आणि भिंत यांचं काम इथून सुरू होतं. कागदावरचं म्हणणं इतक्या जणांच्या तोंडी बसवायचं की कार्यालयातल्या माणसालाही ते खिडकीतून ऐकू यावं.

खालची रीत आठ-दहा जणांच्या गटासाठी आणि साधारण सहा आठवड्यांची आहे. उदाहरण म्हणून नवी मुंबईच्या दिघा-ऐरोली पट्ट्यातली एक कल्पित वस्ती आणि तिचा एक सामायिक नळ घेतला आहे. तुमचा मुद्दा गटाराचा, बसचा किंवा खाडीतल्या गाळाचा असेल, तर आकडे बदला. क्रम मात्र हाच ठेवा.

आधी वही

गट जमला की पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी ढोलकी काढतो. ती दोन आठवडे खुंटीवर राहू द्या. आकड्याशिवाय केलेलं गाणं म्हणजे चालीवरची कुरकुर. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो.

शंभर पानी वही घ्या आणि १४ दिवस रोज चार नोंदी करा: नळातून वारा सुटला ती वेळ, पाणी आलं ती वेळ, पाणी गेलं ती वेळ, आणि मध्यावर एक बादली भरायला लागलेले सेकंद. बादली आधी मोजून घ्या. '२० लिटर' म्हणून विकलेली बादली काठोकाठ भरली तरच तेवढी असते. लिटरच्या बाटलीने वीस वेळा पाणी ओता आणि तिथे रंगाची रेघ मारा. नोंद दोघांनी करायची, दोघांनी सही करायची. एकट्याची वही सहज खोटी ठरवली जाते.

आता हिशेब. २० लिटर भरायला ४० सेकंद लागत असतील, तर मिनिटाला ३० लिटर. पाणी ३५ मिनिटं टिकतं, म्हणजे १,०५० लिटर. नळावर १२ घरं, ६० माणसं. माणशी साडेसतरा लिटर. मलवाहिन्या असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेत धरलेलं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. पाणी दिवसाआड येत असेल, तर १४ दिवसांच्या बेरजेला १४नेच भागा. पाणी आलेल्या दिवसांनी भागलं की आकडा फुगतो, आणि ही चूक समोरचा अधिकारी पाच मिनिटांत पकडतो.

वही सुरू करता त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे 'पाणी, रस्ता व दिवाबत्ती' असा खिचडी अर्ज करू नका. एवढंच विचारा: या नळजोडणीसाठी ठरलेली वेळ कोणती, आणि मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष पाणी कधी सोडलं?

वहीतून तीन गोष्टी निघायला हव्यात: एक आकडा (माणशी साडेसतरा), एक मागणी (रोज दीड तास पाणी, म्हणजे त्याच धारेने माणशी ४५ लिटर) आणि एक पत्ता. पत्ता नवी मुंबईत विभाग कार्यालयाचा, ठाण्यात प्रभाग समितीचा. गाण्यात, रेडिओवर आणि भिंतीवर या तिन्ही गोष्टी अक्षरशः सारख्याच असल्या पाहिजेत. एका ठिकाणी 'साडेसतरा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'वीस सुद्धा नाही' असं झालं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकही आकडा उरत नाही.

गाणं

चाल शोधायला लांब जायची गरज नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा ठेवून आत नवा विचार भरला, आंबेडकरी जलशांनी तोच धागा पुढे नेला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा पोवाडा आणि लावणीचा साचा लोकांच्या कानात आधीच होता. म्हणून शब्द लगेच पोचले. तुमच्या वस्तीच्या कानात काय आहे ते पाहा. आगरी-कोळी घरं असतील तर लग्नातला धवला: धवलारीण ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. घाटावरून आलेल्या आज्या असतील तर ओवी. माथाडी कुटुंबांत भारूड आणि भजनी ठेका. तरुण पोरं रॅप करणार असतील तर तोही चालेल, फक्त आज्यांना उचलता येईल अशी एक ओळ त्यात हवी.

ओवीचा साचा सोपा आहे. तीन तुकडे यमकात, चौथा आखूड आणि मोकळा:

पहाटे साडेचारा,
नळाला आधी वारा,
मग दोन बोटं धारा,
हंड्यामधी.

आणि सगळ्यांनी म्हणायची ओळ:

हंड्यानं मोजा, बादलीनं मोजा,
माणशी साडेसतरा, जी जी माणशी साडेसतरा!

आकडा ओळीच्या शेवटी आणि ठेक्याच्या समेवर टाका. मध्ये टाकलेला आकडा ढोलकीच्या बोलात बुडतो. धृपद आठ-दहा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका आणि ते प्रत्येक कडव्यानंतर दोनदा घ्या. कडवी चार, फार तर पाच. गाण्याची लांबी तीन मिनिटं.

पट्टी हे सर्वांत जास्त फसणारं कलम. गटातला चांगला गायक स्वतःच्या सोयीची पट्टी धरतो, वरच्या सा-पर्यंत जातो आणि वस्ती गप्प होऊन त्याचं गाणं ऐकते. म्हणजे गाणं त्याचं झालं, वस्तीचं राहिलं नाही. चाल पाच-सहा सुरांत ठेवा. पट्टी ठरवताना गायकाला बाजूला बसवा आणि न गाणाऱ्या चौघांना धृपद म्हणायला लावा. त्यांचा गळा जिथे ताणत नाही, ती तुमची पट्टी. लय चालण्याची, मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास. मोर्च्यात चालता चालता दम लागला तर कडवं लांब आहे असं समजा.

वाद्यं: ढोलकी किंवा डफ, झांज, आणि कुणाकडे असेल तर तुणतुणं. खाडीकाठच्या दमट हवेत डफाचं चामडं सैल पडतं. कागद पेटवून लांबून शेकलं की अर्धा तास ताण टिकतो. पावसाळ्यात सरळ प्लॅस्टिकच्या पानाचा डफ वापरा.

सिनेमाच्या गाण्याचा कराओके ट्रॅक घेऊ नका. वस्तीत कुणी विचारणार नाही, पण यूट्यूबवर टाकलं की आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उतरतो. पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नसते. मात्र त्या चालीचं कुणी केलेलं ध्वनिमुद्रण त्याच्या मालकीचं असतं. ताल स्वतः वाजवा आणि प्रश्न मिटवा.

रेडिओ: लहरी की तार?

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रेडिओच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा दरवाजा उघडला. पण व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा कामगार संघटनेला हा परवाना मिळत नाही. प्रक्षेपणाची ताकद १०० वॉटपर्यंत, आवाका साधारण ५ ते १० किलोमीटर. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पारसिकचा डोंगर मध्ये आला की पलीकडे खरखरच. निम्मा मजकूर स्थानिक असावा लागतो आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. एका नळासाठी हा रस्ता फार लांबचा आहे.

ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर आणून परवान्याशिवाय चालवणं गुन्हा आहे, आणि आपल्या भागात तो मूर्खपणाही आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो, तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा आणि त्यापुढे संपर्काचा पट्टा सुरू होतो. स्वस्त ट्रान्समीटर शेजारच्या लहरींवर सांडतो आणि उलव्याचा विमानतळ इथून फार दूर नाही.

म्हणून तार. कर्नाटकातल्या बुदिकोटेमध्ये 'नम्मा ध्वनी'ने आधी भोंग्यावरून आणि मग केबलच्या तारेतून गावाचा रेडिओ चालवला. भोंग्याला लहरींचा परवाना लागत नाही, पोलिसांची परवानगी लागते. ती पुढे येईल.

तेरा मिनिटांचा कार्यक्रम

मराठीत सावकाश बोललं की मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. निवेदन एकूण चार मिनिटांचं धरा, म्हणजे पाचशेच्या आत शब्द. बाकीचं असं भरा: सुरुवातीला नळाचा वारा सुटल्याचा फुस्स आवाज, त्यावर हंडा ठेवल्याचा ठण्ण. ही तुमची सिग्नेचर ट्यून, दहा सेकंद. मग वहीचा आकडा. मग तीन आवाज, प्रत्येकी दीड मिनिट: पहाटे उठणारी बाई, एमआयडीसीत रात्रपाळी करून येणारा माणूस, शाळेला उशीर होणारी मुलगी (तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन, नाव न सांगता). मग गाणं. शेवटी मागणी, पत्ता आणि पुढच्या बैठकीची वेळ, सावकाश, दोनदा.

विभाग कार्यालयाचं म्हणणंही मागा. लेखी विचारा आणि सात दिवस द्या. मिळालं तर जसंच्या तसं वाचा, नाही मिळालं तर 'अमुक तारखेला विचारलं, आजपर्यंत उत्तर नाही' एवढंच सांगा. टोमणा जोडला की वाक्याचं वजन निम्मं होतं.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. ॲपमध्ये वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, मोनो निवडा. कॉलरला लावायचा तारेचा माईक घेताना पिन पाहा. फोनच्या जॅकला तीन काळ्या रिंगांची पिन लागते. दोन रिंगांची कॅमेऱ्यासाठीची असते, ती लावली की फोन आपल्याच अंगचा माईक वापरत राहतो आणि हे घरी येऊन ऐकेपर्यंत कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी माईकवर नखाने टिचकी मारून आधी ऐका. माईक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फुटतात. ॲपमधली आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळली पाहिजे, उणे ६च्या वर जाऊ नये. लाल दिव्यात गेलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

फरशी आणि पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. दारावर आणि समोरच्या भिंतीवर एकेक गोधडी टांगली की फरक पडतो. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रीजवरच ठेवा. ट्रान्स-हार्बरची लोकल जाते तेव्हा थांबा, वाक्य पुन्हा घ्या. प्रत्येक ठिकाणचा नुसता आवाज ३० सेकंद वेगळा घ्या. वाक्य कापल्यावर पडणारी खिंड त्याने बुजते.

जोडकामाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. १०० हर्ट्झखालचं कापा, मोठ्या-लहान आवाजांतला फरक कंप्रेसरने तीनास एक या प्रमाणात आवळा. माणसाच्या बोलण्यातले श्वास आणि अडखळणं सगळं साफ करू नका, माणूस यंत्रासारखा वाटायला लागतो. उलट अर्थ निघेल असं कापणं तर वर्ज्यच. कापलेला भाग बोलणाऱ्याला ऐकवून मग पुढे जा.

आवाज किती आणि कुठे

लोखंडी भोंगा एका वॉटलाच मीटरभर अंतरावर साधारण १०५ डेसिबल देतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ३२ मीटरवरही ७५. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्रीची ४५. भोंगा लावलात तर पहिली तक्रार तुमच्याच बाजूच्या आजारी माणसाच्या घरातून येईल, आणि ती रास्त असेल.

म्हणून कार्यक्रमाचं नाव खुशाल 'भोंगा' ठेवा, पण लावा छोटे बॉक्स स्पीकर. एका मोठ्याऐवजी चार-पाच, गल्लीत दर १२ मीटरला एक. मीटरभर अंतरावर ७० डेसिबल ठेवलं तर चार मीटरवर ५८ आणि आठवर ५२ पडतात. बोलणं कळतं, भांडण होत नाही. स्पीकर डोक्याच्या थोडे वर आणि तोंड खाली कललेलं. लांब तारेसाठी मांडववाल्याकडून १०० व्होल्ट लाइनचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) मागा. साध्या आठ ओहमच्या ॲम्पला ५० मीटर बारीक वायर जोडली की ताकद वायरच खाते. १०० व्होल्टचा झटका बसतो, म्हणून जोड टेपने बंद करा, वायर हाताला लागणार नाही अशी न्या, आणि पाऊस आला की आधी ॲम्प बंद. महावितरणच्या खांबाला काहीही बांधू नका.

सगळे स्पीकर जोडून झाल्यावर एकाने कार्यक्रम चालू करावा आणि दुसऱ्याने गल्लीच्या टोकापर्यंत चालत जावं. आकडा जिथे ऐकू येत नाही तिथे आवाज वाढवण्याआधी स्पीकर सरकवा.

वेळ महत्त्वाची. पहाटे पाण्याच्या वेळी कुणाला उसंत नसते. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा वेळ बहुतेक वस्त्यांत चालतो. रबाळे-महापे पट्ट्यातल्या पाळीच्या कामगारांसाठी सुट्टीच्या सकाळी पुन्हा लावा. आठवड्यात दोनदा पुरे. रोज लावलं की लोक ते पंख्याच्या आवाजासारखं ऐकतात.

व्हॉट्सॲपसाठी मोनो एमपी थ्री, ६४ केबीपीएस. तेरा मिनिटांचे साधारण सव्वासहा एमबी होतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. तेव्हा वहीच्या पहिल्याच आठवड्यात घरोघरी नंबर सेव्ह करून घ्या. फार वेळा फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच गप्पागटात जातो, म्हणून पाच-सहा जणांनी मूळ फाइल आपापल्या गटांत स्वतः टाकावी.

भिंत

भिंत शेवटी घ्या, कारण तिथे चूक पुसता येत नाही. महाराष्ट्रात १९९५पासून मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आहे. महापालिका, सिडको, रेल्वे यांच्या भिंती, उड्डाणपुलाचे खांब सगळं वगळा. वस्तीतल्या घरमालकाची किंवा मंडळाच्या खोलीची भिंत, मालकाची लेखी संमती, बस.

ओल आलेली, पांढरा खार फुटलेली भिंत रंगवू नका, वर्षात पापुद्रे निघतात. नवं प्लॅस्टर किमान चार आठवडे वाळू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. खरवडा, झाडा, प्रायमरचा एक हात, मग बाहेरचा इमल्शन दोन हात. दोन हातांना लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरा. अक्षराची उंची दर दहा फुटांच्या अंतरामागे एक इंच हे कमीत कमी. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्याने दीड इंच धरा. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचं असेल तर सहा इंची अक्षर.

स्टेन्सिल कापायला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. देवनागरीत दोन गोष्टी फसतात. 'व', 'ब', 'ष' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे दोन-तीन मिलिमीटरचा पूल ठेवा. आणि शिरोरेषा सलग कापली तर फिल्म लोंबकळते, म्हणून दर दोन अक्षरांनंतर रेषा तोडा. रंग स्पंजने आणि जवळजवळ कोरडा लावा. ओला स्पंज दाबला की रंग फिल्मखाली पसरतो.

येऊरच्या पाड्यांवर वारली चित्र काढणारे हात आहेत. वारली आकृती हव्या असतील तर त्यांना मजुरी देऊन बोलवा. इंटरनेटवरून उचललेल्या नाचणाऱ्या आकृत्यांचा नळाशी काही संबंध नसतो. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग बाहेरच्या भिंतीवर पहिल्या पावसात धुऊन जातो, तिथे पांढरं ॲक्रिलिक वापरा.

भिंत मिळाली नाही तर रांगोळी. वस्तीच्या तोंडाशी ६० ठिपके माणसांचे, मधे साडेसतराचा हंडा. दुसऱ्या दिवशी झाडली जाते, तक्रार कुणाची नाही.

परवानगी आणि काळजी

लाउडस्पीकरसाठी स्थानिक पोलीस ठाण्यात किमान दहा दिवस आधी अर्ज: तारीख, वेळ, जागा, स्पीकरची संख्या, जबाबदार दोघांची नावं. रात्री १० ते सकाळी ६ पूर्ण बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र. ठाणे आणि नवी मुंबईत पोलीस आयुक्त अधूनमधून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात पुन्हा विचारा. परवानगीची प्रत स्पीकरशेजारी ठेवा, घरी नाही.

गाण्यात आणि निवेदनात कार्यालयाचं नाव घ्या, कर्मचाऱ्याचं घेऊ नका. 'पैसे खाल्ले' हे वाक्य कागद हातात असल्याशिवाय म्हणायचं नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली येतो आणि तो गाण्यालाही लागतो. ज्यांचा आवाज घेतला त्यांना कार्यक्रम आधी ऐकवा. कामावर त्रास होईल अशी भीती कुणाला असेल तर त्याचे शब्द दुसऱ्याकडून वाचून घ्या. आवाज यंत्राने जाड केला तरी शेजारी ओळखतात.

सहा आठवड्यांच्या शेवटी माहिती अधिकाराचं उत्तर हातात असेल. त्यातली ठरलेली वेळ आणि वहीतली प्रत्यक्ष वेळ शेजारी-शेजारी वाचणारा कार्यक्रम हा सर्वांत कमी मेहनतीचा आणि सर्वांत जास्त ऐकला जाणारा. त्याची प्रत पेन ड्राइव्हमध्ये घालून निवेदनासोबत विभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

पाणी वाढलं तर त्याच नळावर, त्याच रेघेच्या बादलीने पुन्हा १४ दिवस मोजा. आकडा बदलला असेल तर धृपदातला साडेसतरा काढून नवा बसवावा लागेल, आणि यमक पुन्हा शोधावं लागेल.